घोगऱ्याची दहा गाणी

डेन्झिल, यादी मिळाली.
म्हणजे माझीच यादी, आणि तिच्याखाली तुझं 'मान्य'.

दर मे महिन्यात भुसावळचा पारा शेहेचाळिसाला टेकला
की आपण त्याची दहा गाणी निवडतो.
तू पर्थला गेलास त्या एकोणऐंशीपासून.
आधी निळ्या हवाईपत्रांवर,
मग एसटीडी बूथमध्ये, लाल आकडे पळताना बघत,
आता अंगठ्यानं.
एकाही वर्षी जमलं नाही आपलं.

मला त्याचं नाव धड म्हणता येईना,
म्हणून मी घोगऱ्या म्हणायचो.
तू चिडायचास. मग तूही म्हणायला लागलास.
तीन तबकड्या त्याच्या, चौतीस गाणी,
आणि चौथी, जी आपण धरत नाही.

दुसऱ्या तबकडीतलं ते लांबलचक
तुमच्या क्वार्टरमध्ये टेप केलं होतं, माइक हातात धरून.
तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी
इटारसीकडे निघालेल्या मालगाडीची शिट्टी येते.
परवा पुतण्यानं मोबाइलवर तेच लावलं, स्वच्छ, धुतलेलं.
शिट्टीच नाही.
म्हटलं, बंद कर, हे अर्धवट आहे.

आई पारोळ्याची. भरताची वांगी भाजत होती,
घोगऱ्या वरच्या पट्टीत चढला
तशी हातात चिमटा घेऊनच दारात आली:
"तेले काय दुखस रे? पानी तरी द्या बिचाराले."
तेव्हापासून त्या गाण्याचं नाव 'पाणी'.
तू ते पहिलं ठेवायचास, मी चौथं.
आई गेली त्या वर्षी मी पहिलं ठेवलं,
तर तू मुद्दाम चौथं केलंस,
आणि मला बरं वाटलं.

दादा बॉयलरवाले. कान लोकोशेडातच ठेवून आलेले.
स्पीकरच्या खोक्यावर तळवा टेकवून बसायचे,
डोळे उघडे, गेजचा काटा बघावा तसे.
एका गाण्यावर म्हणाले, "याचं प्रेशर बरोबर आहे."
ते मी दुसऱ्याच्या खाली कधी येऊ दिलं नाही.
तू दरवर्षी लिहायचास, गिटार बेसूर आहे त्यात.
असेल.
तळव्याला काय.

यंदा मी खोड काढली.
तुझं ते संथ गाणं, लिओनाच्या लग्नात वाजलेलं,
यादीतूनच उडवलं,
आणि शिव्यांची वाट बघत बसलो.
मान्य.
बस, एवढंच. पुढे टिंबसुद्धा नाही.

डेन्झिल, कॅरमची राणी तू माझ्या देखत उचललीस
तेव्हाही मान्य म्हणाला नव्हतास.

कूलरमध्ये पाणी ओतलं. पुन्हा वाचलं.
निंभोऱ्याहून केळीचा रेक गेला असावा, भांडी थरथरली.
लिओनाचा नंबर काढला,
आणि काय विचारायचं ते न सुचून ठेवून दिला.

म्हणून आत्ता, सकाळी आठला, नवी यादी.
एक नंबरला चौथ्या तबकडीतलं ते,
चमकी कोट घालून म्हटलेलं,
मागे बायका नुसत्या हुंकारतात ते,
ज्याची कॅसेट तू खिडकीतून यार्डात भिरकावलीस
आणि मी रुळांमधून वेचून आणली.
'पाणी' दहावं.
दादांचं सातवं. दादा, एवढ्या वेळेला चालवून घ्या.

पाठवली.
दोन खुणा. निळ्या झाल्या.
तुझ्याकडे साडेदहा वाजलेत, चहा झाला असेल,
औषधं झाली असतील, जी तू मला सांगत नाहीस.
आता चीड.
घोगऱ्याचा आणि माझा मिळून उद्धार कर.
नाहीतर एवढंच लिही,
फेगड्या, तुला गाण्यातलं काय ढेकळं कळतं.

लिहितोय असं दिसतंय.
थांबलं.

परत लिहितोय.